हिवाळी सुट्टीतील ऑनलाईन अभ्यासक्रम : ज्ञानाचा प्रसार की सुट्टीवर दरोडा?

शिक्षणाच्या क्षेत्रात अलीकडे एक नवा उपदेश वारंवार कानी पडू लागला आहे. 'सुट्टी वाया घालवू नका' हा तो उपदेश. डिसेंबर उजाडला, सत्र परीक्षा आटोपल्या की विद्यार्थ्यांवर जाहिरातींचा मारा सुरू होतो. तीन आठवड्यांत श्रेयांक मिळवा, चार आठवड्यांत प्रमाणपत्र मिळवा, घरबसल्या नामांकित विद्यापीठाचे विद्यार्थी व्हा, आणि जानेवारीत परत याल तेव्हा इतरांच्या चार पावले पुढे असा! वरवर पाहता यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? मुले रिकामी भटकण्याऐवजी शिकत असतील तर कम्युनिस्टांनी त्यांच्या मार्गात का यावे? आपल्या विद्यार्थी आणि शिक्षक आघाड्यांवर काम करणाऱ्या काही साथींच्या मनातही हा प्रश्न आहे, आणि तो प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर घोषणेने न देता वस्तुस्थितीच्या आधारे दिले पाहिजे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. शिकण्याला आमचा विरोध नाही आणि यंत्रालाही नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये लेनिनने युवक कम्युनिस्ट संघटनेच्या तिसऱ्या काँग्रेसपुढे जे भाषण केले, त्याचे सारच हे होते की मानवजातीने साठविलेले सारे ज्ञान आत्मसात केल्याशिवाय कोणी कम्युनिस्ट होऊ शकत नाही. तेव्हा वाद ज्ञानाशी नाही. हे ज्ञान कोणत्या अटींवर दिले जाते, कोणाच्या वेळातून आणि कोणाच्या खिशातून काढले जाते, आणि त्याच्या आडून कोणाची नोकरी जाते, हा वादाचा विषय आहे.

अमेरिकेतील नमुना

सुट्टीतील लघु अभ्यासक्रमांची ही तऱ्हा अमेरिकेत पक्की झाली, म्हणून आरंभ तेथून करू. तिचा उगम मुळीच वाईट नव्हता. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडा प्रेस्बिटेरियन कॉलेजने दोन सत्रांच्या मध्ये जानेवारीचा एक महिना वेगळा काढला. त्या महिन्यात विद्यार्थ्याने एकाच विषयात बुडून जावे, शिक्षकाच्या सान्निध्यात स्वतंत्र अभ्यास करावा, ही कल्पना होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९७१ पासून जानेवारीचे चार आठवडे अशाच मुक्त उपक्रमांसाठी राखून ठेवले. त्यातले पुष्कळसे उपक्रम श्रेयांकासाठी नव्हतेच. ज्याला जे आवडेल ते त्याने करून पाहावे. सुट्टीचा मोकळेपणा आणि विद्येचा आनंद यांची सांगड घालण्याचा तो एक प्रयत्न होता.

पण भांडवलशाहीत मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. सरकारने सार्वजनिक विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावली, विद्यापीठे फीच्या उत्पन्नावर जगू लागली, आणि वर्षातील ज्या तीन-चार आठवड्यांत इमारती ओस पडत त्यांकडे प्रशासनाचे लक्ष गेले. इंटरनेटने इमारतीचीही गरज उरू दिली नाही. आज डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या हिवाळी सत्रात अनेक अमेरिकन विद्यापीठे तीन श्रेयांकांचा संपूर्ण अभ्यासक्रम तीन आठवड्यांत ऑनलाईन विकतात. 'विकतात' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण श्रेयांकाचा नगाप्रमाणे दर असतो आणि तो दर नियमित सत्राच्या फीव्यतिरिक्त बहुधा वेगळा मोजावा लागतो.

विद्यार्थी हे सत्र का घेतो? हौस म्हणून घेणारे थोडे असतात. नियमित सत्रात सक्तीच्या विषयाचा वर्ग भरून गेला आणि जागा मिळाली नाही, म्हणून कोणी घेतो. कोणी एका विषयात नापास झालेला असतो आणि श्रेयांक कमी पडल्यास शिष्यवृत्ती जाण्याचे भय त्याच्या मानगुटीवर असते. कोणी एक सत्र आधी पदवी मिळाली तर तेवढ्या महिन्यांचे घरभाडे वाचेल, असा हिशेब करतो. ज्या देशात विद्यार्थ्यांच्या कर्जाचा एकूण बोजा दीड हजार अब्ज डॉलर्सच्या वर गेलेला आहे, त्या देशातील तरुणाला सुट्टी 'वाया घालविणे' परवडत नाही, हे उघड आहे. त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे म्हणजे कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बेकाराला ओव्हरटाईम नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यासारखे आहे.

पंचेचाळीस तासांचा आठवडा

आता थोडे गणित मांडू. अमेरिकेच्या केंद्र सरकारने श्रेयांकाची जी व्याख्या केली आहे तिच्यानुसार एका श्रेयांकामागे दर आठवड्याला एक तास वर्गातील अध्यापन आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचा अभ्यास, असे सुमारे पंधरा आठवडे काम अपेक्षित आहे. म्हणजे तीन श्रेयांकांसाठी पंचेचाळीस तास वर्गात आणि नव्वद तास बाहेर, एकूण १३५ तास. हे १३५ तास तीन आठवड्यांत बसवले की आठवड्याला ४५ तास होतात. अमेरिकेतील कामगाराचा कायदेशीर आठवडा ४० तासांचा आहे. याचा अर्थ 'सुट्टीतला छोटासा अभ्यासक्रम' म्हणून जे विकले जाते ते पूर्ण वेळच्या नोकरीहून मोठे काम आहे.

आणि पैसे? समजा एका श्रेयांकाला तीनशे डॉलर पडतात. तीन श्रेयांकांचे नऊशे झाले. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर गोठलेले आहे. त्या वेतनावर राबणाऱ्या विद्यार्थ्याला नऊशे डॉलर कमावण्यासाठी जवळजवळ सव्वाशे तास, म्हणजे पुरे तीन आठवडे खपावे लागते. तेव्हा ज्या तीन आठवड्यांत अभ्यास करावयाचा त्याच तीन आठवड्यांत फी कमावण्यासाठी हॉटेलात भांडी घासावयाची किंवा गोदामात खोकी उचलावयाची. दोन्ही मिळून आठवड्याला ऐंशी तासांच्या वर काम होते. १८४७ साली इंग्लंडच्या कामगारांनी झगडून दहा तासांचा कायदा मिळविला. त्याने गिरणीतील दिवसाला मर्यादा पडली. ती मर्यादा आज कामगाराचा मुलगा आपल्याच खोलीत, आपल्याच पडद्यापुढे बसून, आपल्याच हाताने ओलांडतो आहे आणि त्यासाठी वर पैसेही मोजतो आहे.

येथे एका युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे. असे सांगितले जाते की अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळदा नियमित सत्रापेक्षा चांगले असते. ते खरे असू शकते, आणि त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. एका वेळी एकाच विषयावर लक्ष राहते, आणि मुळातच ज्याच्याजवळ वेळ, शांतता आणि पैसा आहे तोच बहुधा या वर्गात येतो. जो येऊच शकला नाही त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही. या आकड्यांनी उत्तीर्ण झालेल्यांबद्दल काही सिद्ध होत असेल, पण दाराबाहेर राहिलेल्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

'क्रांती'चा पंचनामा

ऑनलाईन शिक्षणाने विद्येची दारे सर्वांना उघडतील, अशी द्वाही २०१२ साली फिरविण्यात आली. त्या वर्षी स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी कोर्सेरा ही कंपनी काढली, आणि हार्वर्ड व एमआयटी या दोन संस्थांनी एडएक्स हा ना-नफा उपक्रम सुरू केला. भांडवलदारी वृत्तपत्रांनी याला क्रांती म्हटले. या क्रांतीचे पुढे काय झाले हे आपल्या वाचकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

पहिला प्रयोग कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत झाला. हे कामगार आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे सार्वजनिक विद्यापीठ. २०१३ च्या वसंत सत्रात उडॅसिटी नावाच्या कंपनीबरोबर करार करून गणित आणि संख्याशास्त्र यांचे तीन अभ्यासक्रम ऑनलाईन देण्यात आले. निम्म्याहून अधिक मुले अंतिम परीक्षेत नापास झाली आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. त्याच उन्हाळ्यात निकाल सुधारल्याचा गाजावाजा झाला. पण त्या खेपेला वर्गात नाव घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांपाशी कोणती ना कोणती पदवी आधीच होती! म्हणजे ज्यांना शिकवावयाचे होते त्यांना वगळून ज्यांना येत होते त्यांची परीक्षा घेतली, आणि यश पदरात पाडून घेतले. पुढे कंपनीच्या संस्थापकानेच आपला माल निकृष्ट असल्याची कबुली दिली.

याच विद्यापीठातील तत्त्वज्ञान विभागाच्या प्राध्यापकांनी एप्रिल २०१३ मध्ये जे केले ते जगभरच्या शिक्षक चळवळीने स्मरणात ठेवण्यासारखे आहे. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांची 'न्याय' या विषयावरील चित्रित व्याख्याने आपल्या वर्गात लावण्यास त्यांनी नकार दिला आणि सँडेल यांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. हार्वर्डच्या मुलांना जिवंत गुरू आणि आमच्या मुलांना त्याची चित्रफीत, अशी दोन प्रकारची विद्यापीठे निर्माण होतील, आणि सार्वजनिक विद्यापीठांतील शिक्षक हळूहळू पडदा लावणारा मदतनीस होईल. न्यायावरची व्याख्यानेच अन्यायाचे साधन बनावीत यातील विसंगती त्या शिक्षकांनी अचूक हेरली होती.

आणि सर्वांना खुली झालेली ती दारे? एडएक्सवरील हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात असे दिसून आले की २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे केवळ ३.१३ टक्के होते. विद्यार्थी बव्हंशी सधन देशांतले होते. २०२१ साली ना-नफा म्हणवणारा हा एडएक्स उपक्रम ऐंशी कोटी डॉलरना टू-यू या नफेखोर कंपनीला विकून टाकण्यात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये कोर्सेराने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात प्रवेश केला. टू-यूने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात धाव घेतली. ज्ञानाच्या मुक्तद्वारापासून दिवाळखोरीच्या अर्जापर्यंतचा हा प्रवास अवघ्या बारा वर्षांचा आहे. मक्तेदार भांडवलाच्या हाती गेलेल्या प्रत्येक लोकहिताच्या कल्पनेचा प्रवास असाच होतो.

या बारा वर्षांत शिक्षकाचे काय झाले? अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे १९८७ साली तेथील सुमारे ४७ टक्के अध्यापक कायमस्वरूपी पदाच्या बाहेर होते. २०२१ पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. हिवाळी सत्रातील वर्ग बहुतेक वेळा याच अस्थिर अध्यापकाच्या वाट्याला येतात. त्यालाही पगार पुरत नाही, म्हणून तोही सुट्टीत राबतो. पडद्याच्या एका बाजूला सुट्टी गमावलेला विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला सुट्टी गमावलेला शिक्षक, असे हे चित्र आहे.

आपल्याकडे काय चालले आहे

हे सारे अमेरिकेत घडले, त्याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणू नये. आपल्या सत्ताधारी वर्गाने हाच नमुना समोर ठेवला आहे, फक्त त्यावर सरकारी शिक्का मारला आहे.

'स्वयम' हा केंद्र सरकारचा ऑनलाईन मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. त्यावर चार, आठ आणि बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन असे श्रेयांक मिळतात. त्यातील कित्येक अभ्यासक्रम उत्तम आहेत. आयआयटींच्या प्राध्यापकांनी २००३ पासून तयार केलेली व्याख्याने खेड्यातल्या मुलाला फुकट पाहावयास मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती सार्वजनिक पैशातून झाली आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ही व्याख्याने पूरक म्हणून दिली जात आहेत की पर्याय म्हणून?

याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतच आहे. २०१६ च्या विनियमाने एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेण्यास मुभा दिली. ही मुभा कोणत्या परिस्थितीत वापरावी याची जी कारणे तेथे दिली आहेत त्यांतले एक असे आहे की विभागात तो विषय शिकविण्यास योग्य अध्यापक उपलब्ध नसणे! २०२१ साली वीसचे चाळीस टक्के करण्यात आले. सत्रात पाच विषय असतील तर दोन विषय आता अध्यापकाविना चालू शकतात. अध्यापक का उपलब्ध नाही? कारण भरती होत नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर, सुट्टीच्या महिन्यांत एक पैसाही हाती न पडता, ज्येष्ठ होत चालले आहेत. सरकार आधी जागा रिक्त ठेवते, मग जागा रिक्त असल्याचे कारण सांगून पडदा लावते, आणि पडदा लागल्यावर जागेची गरजच नाही असे सांगावयास मोकळे होते. तीन टप्प्यांची ही चाल ओळखली पाहिजे.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राष्ट्रीय शिक्षण धोरण या चालीला तात्त्विक मुलामा देते. या धोरणानुसार पदवी आता सलग राहिलेली नाही. एक वर्षाने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडा, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडा, आणि जमेल तेव्हा श्रेयांक गोळा करा. ते साठविण्यासाठी २०२१ साली श्रेयांकांची 'बँक' काढण्यात आली. शब्द त्यांचाच आहे! ज्याच्यापाशी पैसा आहे तो सलग शिकेल. ज्याच्यापाशी नाही तो सुट्टीत चार आठवडे, पुढच्या सुट्टीत चार आठवडे, असे तुकडे जमवीत राहील, आणि गळून पडला तर त्याला 'गळती' असे न म्हणता 'बहिर्गमनाचा पर्याय' म्हटले जाईल. हेच धोरण शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे वचन पुन्हा उच्चारते. ते वचन कोठारी आयोगाने १९६६ साली मागितले होते. साठ वर्षे होत आली, एकाही सरकारने ते पाळलेले नाही.

सुट्टी कोणाची?

'सुट्टीत शिका' असे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी असतो त्याच्या घरी स्वतंत्र खोली असते, संगणक असतो आणि सुट्टीत त्याला काम नसते. देशातील किती विद्यार्थी या वर्णनात बसतात? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीप्रमाणे २०१७-१८ साली ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरात ४२ टक्के घरांत होती. त्यानंतर मोबाईल फोन खूप पसरला हे खरे. पण घरातल्या एका फोनवर दोन भावंडांनी आणि बापाने वाटून घेऊन बारा आठवड्यांचे गणित शिकावयाचे, याला सोय म्हणणारा माणूस त्या घरात कधी गेलेला नाही.

आणि सुट्टीत काम नसते हे तर निव्वळ शहरी मध्यमवर्गाचे अज्ञान आहे. महाराष्ट्रात हिवाळ्याच्या तोंडावर, दिवाळीच्या सुमारास कॉलेजे बंद होतात, तेव्हा बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात आणि विदर्भात कापूस वेचणीला आलेला असतो. या घरांतील मुलामुलींची सुट्टी फडात आणि शेतात जाते. नाताळच्या सुट्टीत मुंबई, पुणे, इंदूर, बडोदे, हैदराबाद या शहरांतील कष्टकरी कुटुंबांतील मुले दुकानांत आणि घरपोच माल पोचविण्याच्या कामावर असतात. मुलींची सुट्टी तर घरकामात नाहीशी होते. त्यांना सांगावयाचे की तुम्ही मागे पडलात कारण तुम्ही सुट्टीत शिकला नाहीत! वर्गीय विषमतेचे खापर व्यक्तीच्या आळसावर फोडण्याची ही भांडवलदारी नीती जुनीच आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. 'स्वयम'वरील अभ्यासक्रम बहुतांश इंग्रजीत आहेत. वर्गात शिक्षक निदान कठीण जागी मराठीतून समजावून सांगतो. बेळगाव, गुलबर्गा किंवा इंदूरच्या वर्गातही शिक्षक मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखतो की याला समजलेले नाही. पडदा कोणाचा चेहरा पाहत नाही. अभ्यासक्रम फुकट असला तरी श्रेयांकासाठी परीक्षा द्यावी लागते, तिला एका विषयामागे हजार रुपयांच्या आसपास शुल्क पडते, आणि परीक्षा केंद्र शहरात असते. काही घटकांना सवलत आहे, पण तालुक्याच्या गावाहून शहरात जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च कोणत्याही सवलतीत धरलेला नाही.

मित्रांच्या आक्षेपाला उत्तर

आपले काही मित्र म्हणतील : फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्यांसाठीच ना? भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हाच मंत्र दिला ना? मग कामाबाहेरच्या वेळात शिकण्याला विरोध कसा? पत्राद्वारे शिक्षण, मुक्त विद्यापीठ यांमुळे हजारो गिरणी कामगार, परिचारिका, गृहिणी पदवीधर झाल्या, त्यांना आपण काय सांगणार?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला हात झटकून उत्तर देणे चूक ठरेल. रात्रशाळेत शिक्षक होता. शेजारी बसणारा सोबती होता. भाऊरावांच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि एकत्र राबत, त्या सहजीवनातून नवा माणूस घडत होता. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या राजवटीत १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पाठ आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून सुरू झाले, तेव्हा त्याच्या जोडीला प्रत्यक्ष मार्गदर्शक, अभ्यासकेंद्रे आणि उन्हाळी निवासी वर्ग होते. तंत्र तेव्हाही होते, पण ते माणसाच्या दिमतीला होते. सोव्हिएत संघात पत्रव्यवहाराने शिकणाऱ्या कामगाराला परीक्षेसाठी पगारी रजा मिळण्याचा कायदेशीर हक्क होता. म्हणजे तेथे शिक्षण सुट्टीला खात नव्हते, शिक्षणासाठी अधिक सुट्टी मिळत होती. कामाबाहेर शिकणे हा दोष नाही. ते शिकणे एकट्याने, स्वतःच्या खर्चाने आणि विश्रांतीचा बळी देऊन करावे लागणे, हा दोष आहे.

यामागचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. कामगाराला कुशल बनविण्याचा खर्च पूर्वी मालकाला काही अंशी तरी उचलावा लागे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उद्योगांवर तशी जबाबदारी टाकली, विद्यावेतन द्यावयास लावले. आज मालक तयार प्रमाणपत्रे मागतो, आणि ती मिळविण्याचा वेळ व पैसा तरुणाने स्वतःच्या सुट्टीतून काढावयाचा असतो. एकाने तीन प्रमाणपत्रे आणली की दुसऱ्याला पाच आणावी लागतात. नोकऱ्यांची संख्या मात्र प्रमाणपत्रांनी वाढत नाही. बेकारांच्या राखीव फौजेला आपल्याच खर्चाने कवायत करावयास लावण्याचा हा प्रकार आहे.

विश्रांतीचे महत्त्व आपल्या चळवळीला कोणी शिकवावयास नको. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कोणा मालकाच्या औदार्याने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि मोर्चांनी झगडून १० जून १८९० रोजी ती मान्य करून घेतली. त्या रविवारी कामगार वाचू लागला, सभेला जाऊ लागला, तमाशा-भजनाला जाऊ लागला, संघटित होऊ लागला. मोकळा वेळ हा माणसाच्या वाढीचा अवकाश आहे. विद्यार्थ्याच्या सुट्टीत गावी जाणे येते, आवडीचे पुस्तक वाचणे येते, शिबिर येते, मोर्चा येतो, आणि काहीही न करता बसणेही येते. ज्या पिढीची प्रत्येक सुट्टी श्रेयांकांनी भरून टाकली जाते त्या पिढीला समाजाबद्दल विचार करावयास वेळ उरत नाही, आणि सत्ताधाऱ्यांना ते सोयीचेच आहे.

आपली भूमिका

तेव्हा या प्रश्नावर आपल्या साथींनी दोन चुका टाळल्या पाहिजेत. एक, तंत्राच्या नावाने बोटे मोडून बाजूला होणे. ज्या विद्यार्थ्याने गरजेपोटी सुट्टीत ऑनलाईन अभ्यासक्रम घेतला आहे तो आपला शत्रू नाही. त्याची टर उडविणारा कार्यकर्ता त्याला आपल्यापासून दूर लोटील. दुसरी चूक याहून धोक्याची आहे. 'संधी तर वाढते आहे ना' असे म्हणून प्रवाहाबरोबर वाहत जाणे. संधी कोणाच्या बळीवर वाढते हे न विचारणारा सुधारणावाद अखेर धोरणाचा भाट होतो.

आपल्या मागण्या नेमक्या आणि समजण्यासारख्या असाव्यात. ऑनलाईन अभ्यासक्रम पूरक म्हणूनच राहावेत, अध्यापक नाही या कारणासाठी कोणताही विषय पडद्यावर ढकलता कामा नये. चाळीस टक्क्यांची तरतूद रद्द करून रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना सुट्टीचे वेतन मिळावे. सार्वजनिक पैशातून झालेल्या अभ्यासक्रमांची परीक्षा निःशुल्क असावी, केंद्रे तालुक्याच्या ठिकाणी असावीत, आणि पाठ मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळावेत. प्रत्येक तालुक्यात संगणक, ग्रंथालय आणि प्रत्यक्ष मार्गदर्शक असलेले सार्वजनिक अभ्यासकेंद्र असावे. कोणत्याही महाविद्यालयाने सुट्टीतील अभ्यासक्रम प्रत्यक्षात किंवा आडवळणाने सक्तीचा करू नये.

याला जोडून एक मागणी कामगार संघटनांनी उचलली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ साली १४० क्रमांकाचा करार संमत केला, तो शिक्षणासाठी पगारी रजेचा आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ज्या सरकारला कामगाराने जन्मभर शिकत राहावे असे इतके वाटते, त्याने आधी या करारावर सही करावी. कामगाराला आणि कामगाराच्या शिकणाऱ्या मुलाला रजा द्यावी, वेतन द्यावे, मग शिकण्याचा उपदेश करावा. या एका मागणीने उपदेशकांच्या हेतूची परीक्षा होईल.

येत्या हिवाळी सुट्टीत आपल्या विद्यार्थी आणि शिक्षक शाखांनी हे काम हाती घ्यावे. वसतिगृहांत, खोल्यांत, कामाच्या ठिकाणी जाऊन मुलांना विचारावे : सुट्टीत कोणता अभ्यासक्रम घेतलास, का घेतलास, किती पैसे गेले, किती तास गेले, तुझ्या विभागात किती जागा रिक्त आहेत? या माहितीची टाचणे करून ती सभांत मांडावीत आणि पक्षाच्या पत्राकडे पाठवावीत. महाराष्ट्राबाहेरील साथींनी आपल्या विद्यापीठातील मराठी मुलांची माहिती आवर्जून कळवावी. ज्याला आज आपण एकटेच मागे पडलो असे वाटते, त्याला हे कळले पाहिजे की त्याच्यासारखे लाखो आहेत आणि त्यांच्या मागे पडण्याला एक धोरण कारणीभूत आहे. हे कळले की खोलीत पडद्यापुढे एकटा बसलेला विद्यार्थी उठून सभेत येऊन बसेल.

शिक्षण हा हक्क आहे, आणि विश्रांती हाही हक्क आहे. आपल्या पूर्वसूरींनी हे दोन्ही हक्क एकाच लढ्यात मागितले होते. एकाच्या बदल्यात दुसरा सोडून देण्याचा सौदा आपण मान्य करणार नाही.